एक्सएलएस-टू-सीएसव्ही: नाव एक, अवजारं दोन, दुखणं तेच

लिनक्सवर जुन्या एक्सेल फाइलीतला मजकूर बाहेर काढायचा म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: "एक्सएलएस-टू-सीएसव्ही चालव, दोन सेकंदांचं काम." म्हणजे .xls फाइल दिली की स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराची सीएसव्ही फाइल हातात. काम खरंच दोन सेकंदांचं आहे. पण या नावाची अवजारं दोन आहेत, आणि तुमच्या मशीनवर त्यांतलं कुठलं बसलंय हे सल्ला देणारा क्वचितच विचारतो. एक येतं कॅटडॉक या पॅकेजबरोबर. वर्डच्या जुन्या फाइलींतून साधा मजकूर काढणारा व्हिक्टर वॅग्नर यांचा हा संच, त्यातलं हे धाकटं भावंड. दुसरं येतं लिबएक्सएलएस या लायब्ररीबरोबर. दोन्ही फुकट, दोन्ही ओपन सोर्स, दोन्ही सी भाषेत लिहिलेली. म्हणून परीक्षणही दोघांचं एकत्रच.

निकाल आधी सांगतो. फाइली तुमच्याच ऑफिसात तयार झालेल्या असतील तर लिबएक्सएलएसची १.६ मालिका घ्या आणि निर्धास्त वापरा. फाइल बाहेरून येत असेल, म्हणजे ईमेलमधून, वेबसाइटच्या अपलोडमधून, अर्जाला जोडलेली, तर दोन्हींपैकी कुठलंही अवजार मोकळं चालवू नका. खाली सांगितलेलं कुंपण आधी घाला. आणि कॅटडॉकची मूळ ०.९५ आवृत्ती पॅच न लावता कुठल्या सर्व्हरवर चालू असेल, तर हे वाचून होण्याआधी तिचा बंदोबस्त केलात तरी चालेल.

तुमच्याकडचं अवजार कुठलं ते ओळखणं सोपं आहे. छोट्या एलचा पर्याय देऊन पाहा. लिबएक्सएलएसवालं त्या फाइलीतल्या शीटची नावं दाखवतं. कॅटडॉकवालं त्याला ठाऊक असलेल्या कॅरेक्टर सेटची यादी छापून बाहेर पडतं. क्यूचा पर्यायही असाच फसवा: एकाला तिथे अवतरणचिन्ह लागतं, दुसऱ्याला ० ते ३ मधला आकडा. डेबियन किंवा उबुंटूवर असाल तर डीपीकेजी या पॅकेज-व्यवस्थापकाला 'ही फाइल कुठल्या पॅकेजची' असं विचारलं की विषय संपतो. याच घोळात आणखी दोन नावं मिसळतात. लिबएक्सएल हे विकत मिळणारं वेगळंच उत्पादन, आणि लिबएक्सएलएसएक्सरायटर फक्त फाइली लिहितं, वाचत नाही. एखाद्या सुरक्षा-सूचनेतलं नाव आपल्याला लागू आहे की नाही, हे ठरवताना या चार नावांची गल्लत हमखास होते.

कामाला कशी आहेत

लिबएक्सएलएस आतून छोटं आहे आणि तेच त्याचं बळ. ते मॅक्रो चालवत नाही, सूत्रांची गणितं करत नाही, चित्रं आणि फाइलीत खोचलेले ऑब्जेक्ट यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. ही छोटी गोष्ट नाही. २०११ मध्ये आरएसए या सुरक्षा कंपनीत घुसखोरी झाली ती 'रिक्रूटमेंट प्लॅन' नावाच्या एक्सेल फाइलीतून. फाइलीत फ्लॅशचा ऑब्जेक्ट होता आणि दोष फ्लॅशमध्ये होता, सेलमध्ये नव्हता. २०१७ सालचा समीकरण-संपादकातला गाजलेला दोष, सीव्हीई-२०१७-११८८२ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-दोषाचा नोंदणी क्रमांक), तोही ऑफिसने फाइलीतला ऑब्जेक्ट जागा केला तरच कामाला येतो. आकडे आणि अक्षरं एवढंच वाचणाऱ्या अवजाराला ही दोन्ही दारं मुळातच नाहीत.

याची किंमत मात्र मोजावी लागते. सूत्राच्या सेलमध्ये एक्सेलने शेवटचं साठवलेलं उत्तर तेवढं मिळतं. फाइल दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने बनवली असेल आणि त्याने उत्तर साठवलंच नसेल, तर सीएसव्हीत शून्यं येतात, आणि ती खरी शून्यं की खोटी हे कळायला मार्ग नाही. तारखाही कच्च्या येतात: १ एप्रिल २०२४ ऐवजी ४५३८३. कॅटडॉकवालं तारखा नीट लिहून देतं, एवढा गुण त्याच्या पदरात टाकायला हवा. पासवर्ड असलेली फाइल लिबएक्सएलएस सरळ नाकारतं, आणि ते बरंच आहे. एक्सेलमध्ये 'व्हेल्वेटस्वेटशॉप' हा ठरीव पासवर्ड आहे. फाइल त्याने कुलूपबंद असेल तर एक्सेल न विचारता उघडतं, पण बाहेरून पाहणाऱ्या स्कॅनरला आतलं काही दिसत नाही. फसव्या फाइली पाठवणाऱ्यांचा हा जुना आवडता डाव. फाइल नाकारली गेली तर ती तशीच बाजूला ठेवा. कुलूप काढून पुन्हा रांगेत घालायचा उत्साह दाखवू नका.

आपल्याकडे वारंवार दिसणारी तक्रार म्हणजे 'फाइल उघडतच नाही'. यात अवजाराचा दोष बहुधा नसतो. संकेतस्थळांवरून उतरवलेल्या कितीतरी एक्सएलएस फाइली मुळात एचटीएमएलचे तक्ते असतात, फक्त शेपूट बदललेलं. खऱ्या फाइलीचे पहिले आठ बाइट हेक्समध्ये डी०, सीएफ, ११, ई०, ए१, बी१, १ए, ई१ असेच असतात. पहिली सात हेक्स अक्षरं सलग वाचलीत तर इंग्रजीतला 'डॉकफाइल' हा शब्द दिसेल. मायक्रोसॉफ्टमधल्या कोणाची तरी गंमत. पहिल्या बाइटापाशी कोनी कंस दिसला तर तो वेबपेजचा तुकडा आहे, तिथे दोन्ही अवजारं निरुपयोगी.

आणि सीएसव्हीत देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी आली तर फाइल कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. वाचणारं अवजार तिथे प्रामाणिक आहे. फाइलीत तेच लिहिलंय. रूपांतर नंतर वेगळं करावं लागतं.

दोष कुठे बसतात

एक्सएलएस फाइल म्हणजे पोटात एक बुटकी फाइल सिस्टम. तिचे ५१२ बाइटांचे सेक्टर, कुठला सेक्टर कुणानंतर हे सांगणारा तक्ता, आणि त्या तक्त्याचे तुकडे कुठे ठेवलेत हे सांगणारी आणखी एक यादी. ही फोडली की आत वर्कबुक नावाचा प्रवाह मिळतो: दोन बाइट रेकॉर्डचा प्रकार, दोन बाइट लांबी, मग तेवढा माल, पुन्हा पुढचं रेकॉर्ड. वाचणाऱ्याचं अर्धं काम म्हणजे फाइलीने सांगितलेल्या आकड्याएवढी मेमरी मागायची आणि ती भरायची. सगळी भानगड या वाक्यातल्या दोन क्रियापदांमध्ये आहे: मागताना एक आकडा धरला आणि भरताना दुसरा, की मेमरी फुटली.

नोव्हेंबर २०१७ मध्ये सिस्कोच्या टॅलोस गटाने लिबएक्सएलएसमधले सात दोष जाहीर केले. शोधणारे मार्चिन नोगा. त्यांतला सीव्हीई-२०१७-२८९७ हा नमुना म्हणून जवळून बघण्यासारखा आहे. तक्त्याच्या तुकड्यांची यादी हेडरमध्ये फक्त १०९ नोंदींची मावते. फाइल मोठी झाली तर जादा सेक्टर जोडतात. अशा प्रत्येकात १२७ नोंदी आणि पुढच्या सेक्टरचा पत्ता. जुना कोड मेमरी मागायचा ती हेडरमध्ये लिहिलेल्या संख्येवरून, आणि भरायचा ती साखळी संपेपर्यंत. संख्या लहान आणि साखळी लांब अशी फाइल दिली की लिखाण मेमरीच्या हद्दीबाहेर.

हा दोष वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात का येत नाही, याचं उत्तर गुणाकारात आहे. १०९ नोंदी, प्रत्येक नोंदीच्या सेक्टरात १२८ पत्ते, प्रत्येक पत्ता ५१२ बाइटांचा: ७१,४३,४२४ बाइट. म्हणजे साधारण ६.८ एमबीपर्यंतच्या फाइलीला जादा साखळी लागतच नाही. रोजच्या फाइली काही केबींच्या. कोडचा तो भाग चाचणीत कधी चालतच नाही, आणि जो भाग चालत नाही त्यात काय कुजलंय ते दिसत नाही. यातूनच एक उपयोगी खूण मिळते: ४० केबीची फाइल जादा साखळी असल्याचा दावा करत असेल तर ती वाचूच नका.

दुसरी जागा एकत्र केलेल्या सेलची. मराठी ऑफिसातला एकही तक्ता मर्ज केलेल्या शीर्षकाशिवाय पुरा होत नाही, तेव्हा हे रेकॉर्ड आपल्या प्रत्येक फाइलीत असतंच. वर 'तालुकानिहाय गोषवारा' असं आठ कॉलमांवर पसरलेलं शीर्षक घ्या. रेकॉर्डमध्ये आधी संख्या, मग प्रत्येक पट्ट्याला आठ बाइट: पहिली रो, शेवटची रो, पहिला कॉलम, शेवटचा कॉलम. लिबएक्सएलएस पहिल्या सेलवर 'आठ कॉलम रुंद' अशी खूण करतं आणि उरलेल्या सातांवर 'लपवलेला'. तक्ता मात्र आधीच बांधलेला असतो, शीटमध्ये खरोखर सापडलेल्या सेलइतकाच. आता रेकॉर्डने शेवटचा कॉलम ७ ऐवजी २५५ सांगितला तर? १.४ आवृत्ती न तपासता २५५ पर्यंत खुणा करत जायची, रोच्या मेमरीच्या पलीकडे. हा सीव्हीई-२०१७-२८९६. सलग आकडे आणि सलग रिकामे सेल एका रेकॉर्डात कोंबणारे प्रकार आहेत. त्यांत शेवटचा कॉलम मोजताना आकडा घरंगळतो, ते सीव्हीई-२०१७-१२१०८ आणि १२१०९. सूत्राच्या सेलचं १२१११. सेलमधली किंमत अक्षरांत उतरवताना स्टॅकवरचा बफर, म्हणजे मजकूर ठेवायला राखलेली तात्पुरती जागा, ओसंडतो तो २९१९.

तिसरी जागा मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यावं अशी. शीटमधले सगळे शब्द एका सामाईक कोठारात ठेवतात; सेलमध्ये फक्त क्रमांक. कोठारातल्या प्रत्येक शब्दाआधी दोन बाइट लांबी आणि एक बाइट खुणांचा. त्या बाइटातला एक बिट सांगतो की पुढची अक्षरं एकेका बाइटाची की दोन-दोन बाइटांची. इंग्रजी एका बाइटात बसतं. देवनागरी बसत नाही. 'कोल्हापूर' लिहायला क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, ऊकार, र अशी नऊ चिन्हं, म्हणजे १८ बाइट आणि वर तीन, एकूण २१. तेच इंग्रजीत आठ अक्षरं, ११ बाइट. एका रेकॉर्डात जास्तीत जास्त ८,२२४ बाइट माल. कोठाराच्या सुरुवातीचे आठ वजा केले तर अशा लांबीची मराठी नावं ३९१ मावतात, इंग्रजी ७४६. पुढची नावं 'चालू' प्रकारच्या जोडरेकॉर्डात.

गावांची यादी असलेली मराठी फाइल त्यामुळे जोडरेकॉर्डावर दुप्पट वेळा उडी मारते. उडी शब्दाच्या मध्येच आली तर नव्या रेकॉर्डाच्या सुरुवातीला खुणांचा बाइट पुन्हा येतो. आणि तो आधीच्यापेक्षा वेगळाही असू शकतो! अर्धा शब्द दोन-दोन बाइटांचा, उरलेला एकेका बाइटाचा, हे नियमात बसतं. शब्दामागे आशियाई उच्चारांची माहितीही चिकटवता येते. ती मुळात जपानीसाठी, मराठीत तिचं काम नाही, पण तिच्या लांबीला चार बाइट राखलेले. म्हणजे ४२९ कोटींपर्यंत कुठलाही आकडा फाइल सांगू शकते, आणि असा आकडा ३२ बिटांच्या जागेत कशात मिळवला की घड्याळाच्या काट्यासारखा फेरा मारून मागे येतो. कोठार वाचणाऱ्या फंक्शनमधला असा फेरा, म्हणजे इंटीजर ओव्हरफ्लो, तोच सीव्हीई-२०१७-१२११०. त्यानंतर अक्षरं यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत बदलायची. तिथे देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. १८ बाइट आत गेले, २७ बाहेर आले. इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून बफर मोजणारा इथे हमखास चुकतो. दोष शोधायला म्हणून नव्हे, नुसती अवजाराची परीक्षा घ्यायची असली तरी इंग्रजी नमुना-फाइली पुरत नाहीत. हजारभर गावांची मराठी यादी द्या.

लिबएक्सएलएस बांधताना आयकॉनव्ही ही अक्षरांचं एन्कोडिंग बदलणारी लायब्ररी हाताशी आहे ना ते कॉन्फिगरच्या टप्प्यावरच बघून घ्या. तिच्याशिवाय अक्षरं लोकेलवर, म्हणजे सिस्टमच्या भाषा-सेटिंगवर, विसंबून बदलावी लागतात, आणि सर्व्हरवर लोकेल साधं 'सी' असलं की देवनागरी गेली.

आता कॅटडॉक. टॅलोसनेच त्याच्या ०.९५ आवृत्तीत तीन दोष दाखवले. सीव्हीई-२०२४-४८८७७ शब्दांच्या कोठारात, हीप बफर ओव्हरफ्लो, म्हणजे मागून घेतलेल्या मेमरीच्या हद्दीबाहेर लिखाण. सीव्हीई-२०२४-५२०३५ सेक्टरांच्या तक्त्यात, इंटीजर ओव्हरफ्लो. सीव्हीई-२०२४-५४०२८ तक्त्याच्या तुकड्यांच्या यादीत, इंटीजर अंडरफ्लो. कोठार, तक्ता, यादी. कोड सर्वस्वी वेगळा, माणसं वेगळी, मध्ये सात वर्षं गेलेली, आणि पाय घसरला तो तिथेच. या वर्गातल्या चुका कशा होतात ते कागदावर करून बघता येतं: सेक्टरांची संख्या ८३,८८,६०८ घेऊन तिला ५१२ ने गुणलं तर ३२ बिटांत उत्तर येतं बरोबर शून्य. मेमरी शून्याएवढी मागितली, भरायला मात्र माल प्रचंड. वजाबाकीत उलटं: बिनचिन्हाच्या आकड्यात शून्यातून एक वजा केला की हातात ४,२९,४९,६७,२९५.

कॅटडॉकबद्दलचं आमचं मत कडक आहे ते एवढ्यावरून नाही. ते कुठे वापरलं जातं यावरून आहे. डोव्हकॉट या मेल सर्व्हरबरोबर जोडपत्रांतला मजकूर शोधण्यासाठी एक नमुना स्क्रिप्ट येत आलीय; एक्सेलसाठी ती एक्सएलएस-टू-सीएसव्ही बोलावते. म्हणजे मेल आली, कोणी उघडली नाही, क्लिक केलं नाही, आणि फाइल वाचली गेली. माणसाला 'अनोळखी जोडपत्र उघडू नका' असं शिकवता येतं. इंडेक्सरला कसं शिकवणार?

दुरुस्ती झाली, पण कुणाच्या घरी

लिबएक्सएलएसची कथा कॅटडॉकपेक्षा बरी निघाली. काही वर्षं हा प्रकल्प बेवारशीच होता, १.५ मालिकेपासून इव्हान मिलर यांनी तो हातात घेतला, फाइल आकड्यांत काय सांगते ते मेमरीशी ताडून बघणं सुरू झालं, आणि गूगलच्या ओएसएस-फझ सेवेवर तो रोज खराब केलेल्या फाइलींचा मारा झेलतो. प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर १.४ नंतर सुरक्षा-दोष दुरुस्त केल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. असा कबुलीजबाब देणारी उत्पादनं थोडी.

पण खरी कटकट पुढेच आहे. सांख्यिकीसाठी वापरल्या जाणाऱ्या आर भाषेत एक्सेल वाचणारं रीडएक्सएल हे पॅकेज लिबएक्सएलएसचा सोर्स स्वतःच्या पोटात घेऊन येतं. मशीनवरचं लिबएक्सएलएस तुम्ही कितीही नवं करा, रीडएक्सएलमधली प्रत जशीच्या तशी राहते. २०१७ च्या नोव्हेंबरात जाहीर झालेल्या दोषांसाठी डेबियनने रीडएक्सएलची सुरक्षा-सूचना काढली ती एप्रिल २०१८ मध्ये. पाच महिने. या काळात ज्याने लायब्ररीच्या पानावर 'दुरुस्त' असं वाचून समाधान मानलं, त्याचं आर तसंच उघडं होतं. हेच चक्र नंतरही फिरत राहिलं: २०२२ च्या रीडएक्सएल १.४.० मध्ये लिबएक्सएलएस १.६.२ आली, आणि २०२३ मध्ये त्याच १.६.२ वर सीव्हीई-२०२३-३८८५१ ते ३८८५६ असे सहा नवे क्रमांक नोंदले गेले, बहुतेक अक्षरं वाचणाऱ्या आणि बदलणाऱ्या फंक्शनांमधले. तेव्हा आरमध्ये पॅकेजची आवृत्ती विचारणं पुरेसं नाही; त्या आवृत्तीच्या बदल-नोंदीत आतल्या लिबएक्सएलएसचा आकडा काय लिहिलाय तो बघायचा. संशोधन संस्थेच्या सामाईक सर्व्हरवर तर प्रत्येकाच्या होम फोल्डरमध्ये स्वतंत्र प्रत असते, ती वेगळीच.

कुंपण

बाहेरच्या फाइली वाचायच्याच असतील तर वाचणारी प्रोसेस वेगळी असू द्या. मुख्य प्रोग्राममध्ये लायब्ररी जोडून नव्हे. वेगळा युजर, नेटवर्क बंद, सिस्टम फक्त वाचण्यापुरती, आत येणारी एक फाइल आणि बाहेर जाणारं एक सीएसव्ही. बबलरॅप या प्रोसेस कोंडून चालवणाऱ्या अवजाराने हे एका ओळीत होतं, लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीच्या तात्पुरत्या युनिटनेही होतं.

मेमरीची मर्यादा १ जीबी ठेवा, आणि का ते समजून घ्या. लिबएक्सएलएस तक्ता दाट बांधतं: शेवटच्या रोपर्यंत प्रत्येक रोत शेवटच्या कॉलमपर्यंत प्रत्येक सेलला जागा. शीटची कमाल ६५,५३६ रो आणि २५६ कॉलम, म्हणजे १,६७,७७,२१६ सेल. ६४ बिटांच्या मशीनवर सेलला ४० बाइट धरले तर एका शीटला ६४० एमबी. कोपऱ्यातल्या एका सेलमध्ये चुकून पडलेला स्पेसही एवढा खर्च करवतो, त्यात दुष्टावा असायची गरज नाही. मर्यादा २५६ एमबी ठेवलीत तर चांगल्या फाइलीही मरतील, नसलीच तर दहा शीटची फाइल सर्व्हर आडवा करेल. वेळेला २० सेकंद भरपूर.

मग बाहेर पडतानाचा कोड नीट वाचा. १२४ म्हणजे टाइमआउटने मारलं. १३७ म्हणजे बळजबरीने मारलं, बहुधा मेमरी संपून. १३९ म्हणजे नको त्या पत्त्यावर पाय पडला. १३४ सर्वांत लक्षवेधी: प्रोग्रामने स्वतःच हार मानली, आणि या अवजारांत त्याचा अर्थ बहुतेकदा जीलिबसीला (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) हीप बिघडलेली सापडली असा. १३४ आणि १३९ वर फाइल पुन्हा चालवायची नाही. कितीतरी रांगा अपयश दिसलं की आपोआप तीनदा प्रयत्न करतात. हल्ला करणाऱ्याला मेमरीची मांडणी ओळखायला याहून उत्तम मदत नाही. फाइल बाजूला, मूळ नावासकट, आणि ज्याला कळतं त्याच्याकडे.

ज्याला कळतं त्याने लिबएक्सएलएस अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारी कंपायलरची सोय) लावून वेगळं बांधून ठेवावं. सीफ्लॅग्जमध्ये, म्हणजे कंपायलरला द्यायच्या सूचनांत, तो पर्याय, सोबत डीबग माहिती, बस. वेग निम्मा होतो, पण तीच फाइल दिली की कुठल्या फंक्शनात, वाटप झालेल्या जागेपासून किती बाइट बाहेर लिहिलं गेलं, ते ओळीसकट मिळतं. रोजच्या वापरातल्या प्रतीत हा सॅनिटायझर नको. तो शोधायला आहे, राखणीला नाही.

बाहेर आलेल्या सीएसव्हीत बरोबरचं चिन्ह (=), अधिक, उणे किंवा अ‍ॅट यांनी सुरू होणारे सेल असतील तर ते पुन्हा एक्सेलमध्ये उघडल्यावर सूत्रं होऊ शकतात, तेवढं झाकून घ्या.

पर्याय

नव्याने बांधणी करत असाल तर रस्ट भाषेतलं कॅलामाइन आमची पहिली पसंती. जुनं एक्सएलएस, नवं एक्सएलएसएक्स, ओडीएस सगळं वाचतं, आणि हद्दीबाहेर लिहायची वेळ आली तर प्रोग्राम थांबतो, मेमरी फुटत नाही. पायथनच्या पांडास लायब्ररीत २.२ पासून ते इंजिन म्हणून निवडता येतं. पायथनचं एक्सएलआरडी २.० नंतर फक्त जुनं एक्सएलएस वाचतं. हळू आहे, पण शुद्ध पायथन. जावाचं अपाची पीओआय भक्कम आहे, फक्त मेमरी अधाशासारखी खातं. त्याच्या जुन्या स्वरूपाच्या भागाचं नाव एचएसएसएफ, म्हणजे 'हॉरिबल स्प्रेडशीट फॉरमॅट'. लिहिणाऱ्यांच्या मनात काय होतं ते कळतं.

लिबरऑफिसला पडद्याशिवाय चालवून रूपांतर करणं हा तारखा आणि फॉरमॅट अचूक देणारा मार्ग. मात्र ते सूत्रांचं इंजिन घेऊन येतं, आणि २०२३ चा सीव्हीई-२०२३-०९५० नेमका त्याच इंजिनातला: अ‍ॅग्रिगेटसारख्या सूत्राला हवे त्याहून कमी घटक दिले की अनुक्रमांक शून्याच्या खाली जायचा. ७.४.६ आणि ७.५.१ मध्ये दुरुस्त झालाय. हाही कुंपणाच्या आतच चालवा.

पर्लचं पार्सएक्सेल मात्र घेऊ नका, निदान ०.६५ तरी नाही. मेमरीचा प्रश्न पर्लमध्ये नाही, म्हणून ते सुरक्षित वाटतं. पण ते सेलच्या आकड्याचं फॉरमॅट, म्हणजे फाइलीतूनच आलेली अक्षरं, न तपासता कोड म्हणून चालवायचं. सीव्हीई-२०२३-७१०१. ईमेल तपासणाऱ्या अमाविसमार्फत बाराकुडाच्या ईमेल सुरक्षा यंत्रांवर डिसेंबर २०२३ मध्ये याच वाटेने हल्ले झाले, ०.६६ मध्ये दुरुस्ती आहे. तिथेही कोणी जोडपत्र उघडलं नव्हतं, तपासणाऱ्या यंत्रानेच उघडलं होतं.